पाळण्याची लाख अजून कच्ची आहे

नाही, नाही अन् नाही, भाऊजी! मी तुमच्या संसाराची दुश्मन नाही. पाळणा मी बिघडवला नाही. अन् काल फोनवर तुम्ही जे म्हटलं का "श्रुतिका, तुह्या हातानं तं होळीच्या दिवशीही कोणाले रंग नाही लागणार", ते तुम्ही दुकानात गिराइकांपुढं म्हटलं हे मले मागच्या हसण्यावरून समजलं. त्यातला एक खोकत खोकत हसत होता, तो रोज युरियाच्या नावानं दुकानात येऊन बसणारा पुनाराम असन. मी उत्तर द्यायले तोंड उघडलं अन् तुम्ही फोन कापला. म्हणून आता पत्र. पत्राचा एक मोठा फायदा आहे, त्यात मधात कोणी बोलू शकत नाही. बसा खताच्या पोत्यावर, गिराइकाले थांबायले सांगा, अन् वाचा.

(अरे हौ, रीत राह्यली. भांडणाच्या नादात मी मायना खाऊन टाकला.) तर, खैरलांजी मुक्कामी आमचे लाडके जावई श्री. गजेंद्र भाऊजी यांले बालाघाटहून त्यांची एकुलती एक साळी श्रुतिका हिचा राम राम. तुमची तब्येत चांगलीच असन, कालचा आवाज ऐकून मले बिल्कुल शंका राह्यली नाही. तुमच्या आईच्या गुडघ्याले आराम आहे का? इकडं सगळे बरे आहेत. तुमची लेक वजनानं वाढून राह्यली, आवाजानं त्याच्याहून जास्त. तुमच्यावरच गेली आहे, समोरच्याले बोलू देत नाही. मंजूताई मांडीवर लेकरू अन् लेकराच्या वरून बी.एड.चं पुस्तक धरून बसते. लेकराले झोपवायले वाचते म्हणते. खरं आहे. शिक्षणाचं मानसशास्त्र दोन पानं ऐकलं का लेकरू झोपते, बाबा झोपते, परवा तं दूधवाला पायरीवर बसल्या बसल्या डुलकी घेऊन राह्यला होता.

आता पाळण्याचं. तुमच्या घरची रीत तुमच्या आईनं, म्हणजे शेवंतामावशीनं, लेकराच्या सहाव्या दिवशी, सटीले, सगळ्यांपुढं सांगतली होती. पैलं लेकरू माहेराहून येते ते पाळणा घेऊनच येते, अन् पाळणा खरादीवर कातलेला पाह्यजे, लाख लावलेला, दुकानातला पाइपचा नाही. पाळणा नाही तवापर्यंत बायको नाही अन् लेकरूही नाही. तुम्ही तवा मान हलवली, लाडू खाल्ला, अन् आता पाच महिन्यांपासून एकटे बसून आईच्या हातची दाळ खाऊन राह्यले. तुमचं दुःख मले समजते, भाऊजी. मी लेखिका आहे. (माही ती क्रियापदं नसलेली कथा तुम्ही न वाचताच "छान" म्हटली होती. मी ते विसरली नाही.)

पाळणा बनवायले दिला चैतरामकाकाले. काका म्हणजे भरवेली रोडवर टिनाच्या शेडमधे खरादीची मशीन घेऊन बसलेला राजा माणूस. राजा मी म्हणत नाही, ते सोताच म्हणते. जिल्ह्यात आपल्यासारखा गोल कोणाच्या बापाले जमत नाही असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याले, बकरीले अन् मोटर दुरुस्त करायले येणाऱ्याले सांगते. पण पाळण्याचे खुटे खरंच जबरदस्त काढले. जाडजूड, पहेलवानाच्या पोटरीसारखे, त्याच्यावर लट्टू, मधात बांगड्यांसारख्या कड्या. हे सांगून ठेवते, कारण त्या पोटऱ्यांचं पुढं काय झालं हाच या पत्राचा करुण भाग आहे.

आता त्या घरात कामाची वाटणी अशी आहे का, लाकूड कातायचं काकानं, रंगवायचं लीलाकाकूनं, अन् भांडायचं दोघांनं मिळून. पण लीलाकाकू गेली गोंदियाले, लेकीच्या बाळंतपणाले. आठ दिवसांत येते म्हणाली होती, मग नातवाचं तोंड पाह्यलं अन् बालाघाट नावाचं गाव विसरली. खुटे कोरे पडून राह्यले. तुमचे फोनावर फोन. शेवटी मी म्हटलं, मी रंगवते. एम.ए. केलं आहे, कांडी धरणं का कठीण आहे?

काम दिसायले खरंच सोपं आहे. खुटा मशीनवर गरगर फिरते. रंगीत लाखेची कांडी त्याच्यावर दाबून धरायची. घासल्यानं ती गरम होते, वितळते अन् लाकडाले धरून घेते. मग शिंदीचं पान दाबून सगळी लाख सारखी पसरवायची, अन् शेवटी तेलाच्या चिंधीनं एक हात मारला का काचेसारखी चमक. लेकरानं चाटलं तरी काही होत नाही. (तुमची लेक सध्या जे दिसन ते चाटते. माह्या कथेचं एक पान तिनं खाल्लं. घरात तेवढीच माही वाचक आहे.)

पण मी विचार केला, लाल-पिवळा-हिरवा, लाल-पिवळा-हिरवा, किती पिढ्या लेकरांनं हेच पाहायचं? काही नवीन पाह्यजे. म्हणून मी निखाऱ्यावर लाख नरम करून तिच्यात काजळी मळली, जांभळा मळला, जराशी चांदीची बुकटी टाकली. माह्या मनात सायंकाळचं आभाळ होतं. अन् चमक जास्त यावी म्हणून मी खुट्याले आधीच तेल चोपडलं. तेल शेवटी लावायचं असते हे मी आताच वर लिहिलं, पण ते मले तवा समजलं असतं तं हे पत्र पोस्टकार्डात मावलं असतं. तेलावर लाख धरते का? मशीन सुरू झाली, मी कांडी दाबली, अन् सायंकाळचं आभाळ चारही दिशेनं उडालं. थोडं भिंतीवर, थोडं मशीनवर, अन् बाकीचं काकाच्या मिशीत. जे खुट्यावर टिकलं ते काकानं नखानं खरडून पाह्यलं. मग म्हणाले, "पोरी, हा लेकराचा पाळना हाय का खदानीतून आनलेला मँगनीजचा ढेला?" खरं सांगते, खदानीतून घरी चाललेला एक कामगार सायकल थांबवून आत डोकावला अन् म्हणाला, "किधर से निकला ये माल?"

चिकटलेली लाख काढायची म्हणजे खुटा पुन्हा मशीनवर चढवून पटाशीनं खरडायचा. लाखेबरोबर थोडं लाकूडही जाते. पहेलवान पहिल्यांदा बारीक झाला.

दुसऱ्या खेपेले काका म्हणाले, तू बाजूले बस, आता मीच लावतो, पाह्य कसं असते काम. त्यांची मिशी अजून जांभळी होती म्हणून मी वाद घातला नाही. बाजूले बसून करू काय? खिडकीच्या फळीवर भुश्याचा थर होता, त्यात लाखेच्या कांड्या एका रांगेत ठेवलेल्या. मी फळी पुसली, कांड्या पुसल्या अन् नजरेले बऱ्या दिसतीन अशा नव्या क्रमानं ठेवल्या. काका मशीनवरून नजर न काढता हात मागं करायचे, कांडी उचलायचे अन् दाबायचे. तोंडानं सुरूच, "पाह्य, असा हात पाह्यजे. ही लाल, आता ही हिरवी." मी पाह्यलं. लाल म्हणत होते तवा हिरवी होती. हिरवी म्हणत होते तवा लाल. मले वाटलं मजाक करून राह्यले. चार खुटे झाले तवा एक खुटा पूर्ण पोपट होता, दुसरा पोपटाची चोच, अन् उरलेल्या दोघांवर त्या पोपटाले मांजरीनं पकडल्यासारखं काही तरी झालं होतं. मी हळूच विचारलं, काका, हा कोणता रंग? काकानं माह्याकडं पाह्यलं, खुट्याकडं पाह्यलं, खिडकीकडं पाह्यलं, अन् भडकले. "फयीले हात कोन लावला?"

समजलं का भाऊजी? जिल्ह्याच्या या राजाले लाल अन् हिरवा सारखाच दिसते. लहानपणापासून. चौकातल्या सिग्नलवर ते नेहमी दुसऱ्याच्या गाडीमागं काहून थांबते ते मले त्या दिवशी समजलं. मले शपथ घातली का लीलाले सांगू नोको, तिले हे माहीत नाही. मी शपथ घेतली. (काकूले माहीत नाही म्हणे! मग कांड्या रोज एकाच रांगेत कोण लावून ठेवत होतं? अन् गोंदियाले जाताना "फयी पुसू नोका" असं तीनदा कोण बजावून गेलं? पण नवरा-बायकोच्या मधात मी कायले बोलू. तुम्हीही हे कोणाले सांगू नका. पुनारामले तं मुळीच नाही.)

पुन्हा पटाशी. पहेलवान आता शाळामास्तर झाला.

तिसऱ्या खेपेले मी सगळं रीतीनं केलं. लाल, पिवळा, हिरवा. कांडी मी धरली, मशीन काकानं चालवली, रंगाचं नाव कोणीच घेतलं नाही. शिंदीचं पान, अन् तेल शेवटी. असा चमकला पाळणा का काकानं त्यात पाहून मिशी सारखी केली. त्याच दिवशी शेवंतामावशी पाळणा पाहायले येणार होती. टाइम कमी होता, लाख अजून गरम होती, मी भराभर एकेक खुटा वर्तमानपत्रात गुंडाळला, ऑटोच्या मागं बांधला अन् निघाली. एप्रिलचं ऊन तुम्हाले माहीत आहे. रेल्वेचं फाटक बंद. गोंदियाची गाडी येऊन राह्यली, येऊन राह्यली, पण येत नाही. ऑटोवाला उतरून उसाचा रस पिऊन आला. मी पिऊन आली. पाळणा उन्हात बसला होता, त्याले कोण विचारते?

घरी आली तं मावशी खाटेवर बसलेली, मांडीवर नात, डोळ्यावर चष्मा. मी ऐटीत पहिला खुटा सोडायले घेतला. कागद निघेना. ओढला, फाटला, अर्धा लाखेले चिकटून राह्यला. त्याच्यावर धानाच्या बियाण्याची जाहिरात. दुसऱ्यावर मंडीचे भाव. अन् उशाच्या बाजूच्या खुट्यावर, भाऊजी, एका भल्या माणसाचा फोटो, हार घातलेला, अन् खाली उठावन्याची, म्हणजे तिसऱ्या दिवसाच्या शोकबैठकीची वेळ. लेकराच्या पाळण्यावर! आईनं डोक्याले हात लावला. ताई पदरात तोंड खुपसून हालून राह्यली, रडते का हसते समजेना. मी लेखिका, मले एकच शब्द सुचला. (पण तो तुमच्या आईपुढं बोलण्यासारखा नव्हता.)

शेवंतामावशीनं खुटा हातात घेतला. बोट ठेवून ठेवून पूर्ण वाचलं, वर्गात उभं राहून वाचावं तसं. मग चष्मा काढला अन् म्हणाली, "हा तं वारासिवनीचा. माह्या मावसभावाचा साडू हाय वो. कवा गेला?" अन् डोळ्याले पदर लावला. मग आम्ही काय करणार? आईनं चहा ठेवला. बाबा दुपट्टा सारखा करून समोर येऊन बसले. शेजारची गीताकाकू भांडं परत द्यायले आली होती, तिले वाटलं काही झालं, ती बी बसली. खुटा मधात ठेवून पाऊण तास आमच्या घरी त्या अनोळखी माणसाचं दुःख चाललं. मोठा दिलदार होता म्हणते. तेरवी कवा आहे ते बी मावशीनं खुट्यावर शोधलं, पण कागद तिथंच फाटला होता.

मग जाताना तिनं दुसऱ्या एका खुट्यावर नख फिरवलं अन् हुकूम सुटला, "खरडा. पुन्हा लावा. घाई नोका करू."

खरडला. पुन्हा लावला. चौथी खेप. या वेळेस लाख थंड होईपर्यंत मी मशीनजवळून उठली नाही. मग व्हिडिओ कॉलवर मावशीले दाखवला. आता हे नीट वाचा, कारण कालच्या तुमच्या फोनचं मूळ इथं आहे. मी खुट्यावर नख मारून दाखवलं, काही नाही. किल्ली घासून दाखवली, काही नाही. काकानं चिडून लोट्यानं ठोकून दाखवलं, लोट्याले पोचा पडला. अन् मावशी तिकडून मोबाईल नाकाजवळ धरून म्हणते, "कच्ची हाय. चमकते, पन पकली नाही." तुम्ही मागं जेवत बसले होते. तेवढंच ऐकलं अन् दुसऱ्या दिवशी माह्यावर फुटले. माही काय चूक, सांगा. सांगू नका, मी लिहून राह्यली.

अन् आता हालत अशी आहे का, चार वेळा कातून खुटे बगळ्याच्या पायासारखे झाले. काका म्हणते, मजबूत आहेत, दोन लेकरं झोपतीन. पण अजून एक खेप खरडलं तं पाळण्याच्या जागी मी तुम्हाले दातकोरण्यांचा डबा पाठवीन. म्हणजे आता बिघडवायले लाकूडच उरलं नाही. म्हणून हे पत्र लिहावं लागलं.

मोठ्यांले नमस्कार, दुकानाले बरकत, पुनारामच्या खोकल्याले अडुळसा.

तुमची (अजूनही) साळी,
श्रुतिका

ता. क. : वरचं ते लाकडाचं वाक्य वाचून तुम्ही थांबले असाल. "बिघडवायले लाकूड उरलं नाही" म्हणजे काय? सांगते. मँगनीज माह्या खऱ्या बेअकलीचा होता. पोपट काकाच्या नशिबाचा होता. वर्तमानपत्र मात्र मी मुद्दाम गुंडाळलं. (उठावना मुद्दाम नव्हता. तेवढी मी नीच नाही.) कारण त्याच सकाळी ताईच्या बी.एड.च्या शेवटच्या वर्षाचं टाइमटेबल आलं. पेपर येत्या सोमवारपासून. अन् सटीच्या दिवशी लाडू खाताना तुम्ही जे म्हटलं ते तुम्ही विसरले असाल, मी नाही. "आता बी.एड. कायले? पोरगीच तिची डिग्री." सगळे हसले. ताई बी हसली. मग आत जाऊन तिनं पुस्तक लेकराच्या दुपट्यांच्या खाली ठेवलं. मी दारात होती. एकदा का ती खैरलांजीले गेली, तं तुम्ही परत परीक्षेले पाठवणार होते का? खरं सांगा. सांगू नका. पाळणा नाही तं जाणं नाही, ही रीत तुमच्याच घरची. मी फक्त पाळली.

ता. क. दुसरा : काल तुम्ही म्हटलं "आई नाराज आहे." भाऊजी, त्या उठावन्याच्या दिवशी मी मावशीले बस स्टँडवर सोडायले गेलती. बसमधे चढता चढता तिनं माहा कान ओढून जवळ घेतला अन् विचारलं, "पेपर कवा सुरू होते?" मी म्हटलं सोमवारी. ती म्हणाली, "मंग शेवटचा पेपर होईस्तोर लाख कच्ची ठेव. मी आल्यागेल्याले तसंच सांगते." मी म्हटलं, मावशी, तुम्ही बी? तं म्हणते, "मले चौथीतून उठवलं न, तवा लाख कच्ची हाय म्हणनारं कोनी नव्हतं." अन् खिडकीजवळची जागा धरून बसली. नाराज आहे म्हणे! तुमची आई या कटाची सरदार आहे, मी शिपाई.

ता. क. तिसरा, अन् मुद्द्याचा : पाळणा तयार आहे. पक्का आहे. काकाच्या शेडमधे उंच टांगला आहे, लीलाकाकूच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून (कागदात नाही). तुम्ही रविवारी या अन् पेपर होईस्तोर इथंच राहा. दुकान पुनारामवर सोडा, त्याले दुसरं काम काय आहे? ताई आत पेपर लिहीन तवा कॉलेजच्या बाहेर कडुनिंबाखाली लेकरू घेऊन बसायचं. वाटी-चमचा आई देईन. मी धरू शकते लेकरू, आई बी धरू शकते. पण ताईनं लिहिता लिहिता मान वर केली तं खिडकीतून तिले तुम्ही दिसले पाह्यजे, मी नाही. मले पाहून तिले फक्त मँगनीज आठवन.

गावात कोणी विचारलं कायले चालले, तं सांगा, पाळण्याच्या उशाच्या खुट्याले काळ्या लाखेची तीट बापानं सोताच्या हातानं लावायची असते, नजर लागू नये म्हणून, ती लावायले चाललो. ही रीत कधीची? परवाची. तुमच्या आईनं काढली. तीट काकाच्या मशीनवर लावू, काळा त्यांले बरोबर ओळखू येते.

आता तुम्ही "पण श्रुतिका" म्हणणार. म्हणा. हे मी बस स्टँडच्या बाकावर बसून लिहून राह्यली. खैरलांजीची बस लागली आहे, पवन कंडक्टर दोनदा शिटी मारून गेला, पत्र त्याच्या खिशात कोंबते, फोन बंद करते, अन् सरळ शेडवर जाते. मशीन सुरू असली का तिथं कोणाचंच ऐकू येत नाही. बस हालली. चालली मी.